ओला खड्डा

ताज्या ऑइलपेंटचा वास आला की आक्षेपसाहेबांना मळमळायचं. हे सोंग नव्हतं. तोंडाला रुमाल लावूनच ते जीपमधून उतरायचे आणि म्हणायचे, "इथंबी रंगवून ठेवलं बेशरमांनी." आम्ही वीज उपकेंद्रांच्या तपासणीला जायचो. येणार हे आधी कळवायचा नियम होता, आणि कळवलं की फाटकाला रंग लागलाच म्हणून समजा.

साहेब मूळचे देगलूरचे. तिथल्या बाजारात त्यांच्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. नांदेडला वीज कंपनीच्या देखरेख कक्षाचे ते प्रमुख, मी त्यांची सहायक. सुरक्षेचे नियम पाळले जातात की नाही, हे बघणं आमचं काम. जिथंतिथं आक्षेप काढतात म्हणून लोकांनी हे नाव पाडलं होतं, आणि साहेबांना ते मनापासून आवडायचं. डबा घरचा, पाणीही घरचं. पुढे काजूची बशी आली की ती सरकवत म्हणायचे, "तुमच्या लेकरांना न्या."

सगळ्यात जास्त किळस त्यांना ओल्या खड्ड्याची. बिघाड झाला तर वीज जमिनीत उतरावी म्हणून उपकेंद्रात अर्थिंगचे खड्डे असतात. माती कोरडी, तिच्यात पुरलेली सळई गंजलेली असली की वीज लोखंडातच राहते आणि हात लावणाऱ्याला धरते. पण तपासणीआधी खड्ड्यात बादल्या रिकाम्या केल्या की मीटर गुणी आकडा दाखवतं. आमच्याकडे ही रीतच पडून गेली होती.

आडबाजूच्या एका उपकेंद्रावर, भर उन्हाळ्यात, साहेबांनी खड्ड्यात हात घातला आणि मूठभर चिखल तिथल्या अभियंत्यासमोर धरला. "पाऊस तुमच्याच खड्ड्यात पडला का हो?" अभियंता निर्लज्जपणे हसला. कंत्राटी ऑपरेटर बालाजी खाली मान घालून म्हणाला, "म्याच वतलं साहेब. वरून सांगितलं व्हतं."

"अरे बाबा, आमाला फसवून राहिला तू? आमी जाऊ निघून नांदेडला. ह्या लोखंडाला हात तुझाच लागणार हाय."

नांदेडला तपासणी समितीच्या बैठकीत साहेबांनी एकच लावून धरलं: ते उपकेंद्र बंद ठेवा, सळया बदला, मग चालू करा. अध्यक्ष म्हणाले, "पुरवठा बंद ठेवला की आपल्या विभागाची विश्वासार्हता घसरते. आकडा मर्यादेत आहे ना?"

"आकडा पाण्याचा हाय, जमिनीचा न्हाई."

बाकीच्यांनी 'पूर्तता झाली' म्हणून सह्या ठोकल्या आणि बासुंदीच्या जेवणाला उठले. एकाने तर वाटी चाटून पुसली. मला आजही त्या वाटीची शिसारी येते. साहेबांनी सही केली नाही. थोड्याच दिवसांत त्यांना भांडारात टाकलं, तिथूनच ते निवृत्त झाले. निरोपाला त्याच लोकांनी त्यांच्या सडेतोडपणाचे गोडवे गायले. साहेबांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि देगलूरची बस पकडली. जाताना मला एवढंच म्हणाले, "बेटी, नाक शाबूत ठेव."

पुढच्या उन्हाळ्यात बालाजी गेला. बिघाड झाला, वीज जमिनीत उतरलीच नाही आणि तो नेहमीसारखा पॅनेलचं दार उघडायला गेला.

चौकशी समितीबरोबर मी तिथं पोचले. फाटक चंदेरी चमकत होतं. वास नाकात गेला आणि मी तोंडाला रुमाल लावला. खड्ड्यापाशी जाऊन मी मातीत बोटं घातली, मग बाजूला होऊन साहेबांना फोन लावला.

"रंग मारलाय का?" त्यांनी विचारलं.

"हो. खड्डाही ओला आहे."

"आता कोण वतलं पाणी?"

बादली घेऊन तो अजून तिथंच उभा होता. बालाजीच्या जागी लागलेला त्याचा धाकटा भाऊ.