मामाचं भिंग आणि मामीची झोप

माझा मामा नगरपालिकेत आवाज मोजतो. शहरभर खांबांवर माइक लावलेत. त्यांचे आकडे त्याच्या संगणकावर येतात आणि नकाशावर ठिपके उमटतात. मोठा ठिपका म्हणजे मोठा गोंगाट. पण ठिपके एकमेकांवर असे चढले, की कुणाला काही कळेना. म्हणून मामाने नकाशावर फिरवायचं भिंग बनवलं. भिंग म्हणजे पडद्यावरचं एक वर्तुळ; माऊसने ते न्याल तिथले ठिपके सुटे होतात, आणि हवं तर आत फक्त गाड्यांचा, कुत्र्यांचा किंवा यंत्रांचा आवाज उरतो. मामाला त्याचं एवढं वेड, की भाजी आणायला सांगितलं तरी हा आधी बाजारावर भिंग फिरवून येणार.

त्यात मामीची झोप उडाली. वर्षभर डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. बाई चालता चालता भिंतीला धरायला लागली. मामा मनातून घाबरला. शहरातली सगळ्यात शांत जागा शोधायची आणि तिथे राहायला जायचं, असं त्याने ठरवलं.

भिंगाखाली एक एवढासा ठिपका सापडला. आम्ही तिघं बघायला गेलो, तर खांबाला खेटून पत्रे कापायचा कारखाना. वर माइकची वायर तुटून लोंबत होती.

"तुमचं यंत्र तरी छान झोपलंय," मामी म्हणाली आणि बाकावर टेकली. आम्ही वायरीकडे बघत होतो तेवढ्यात ती चक्क घोरायला लागली. थकली असेल, असं मामाला वाटलं.

घरी आल्यावर मामीच संगणकासमोर बसली. "अहो, सरका जरा." तिने यंत्रांचा आवाज निवडला, भिंग सावकाश नदीपलीकडे नेलं आणि एका भल्यामोठ्या ठिपक्यावर थांबवलं.

"इथे काय आहे?"

"छापखाना. रात्रभर चालतो. का गं?"

"इथे घर बघा."

"त्या गोंगाटात?" मामाने विचारलं.

"आपल्या घराखालचा छापखाना गेल्या वर्षी बंद झाला, तेव्हापासून मी जागी आहे," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून त्या धडधडीत झोपले. मलाही आज त्या पत्र्यांच्या खडखडाटात कळलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी म्हणणार होतो. पण मामाचा चेहरा बघून जीभ आवरली.

महिन्याभरात ते त्या छापखान्यावरच्या खोल्यांत राहायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर मामाचे डोळे लालभडक. वर्षभरात त्याची धडधडीची सवय मोडली होती; रात्रभर टक्क जागा होता.

"मामा, तुझं कसं व्हायचं?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीचं दार हळूच लोटलं. मामी अजून झोपली होती.