डावीकडे झुकलेले टाके

दत्तू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आधी बोलणारा कोण याची खात्री करून घेतली. हल्ली कुणीही कुणाचा आवाज काढतं. त्याच्या मुलाला, निखिलला, मी चक्क विचारलं, "तुझ्या आईचं माहेर कुठलं?" "वणी, काका... या ना लवकर," तो रडत म्हणाला, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला. स्वभावाला औषध नाही. नाशिकरोडच्या छापखान्यात मी जन्मभर तपासणीला होतो. छापून आलेल्या कागदात खोट शोधायची, याचाच मला पगार मिळायचा. निवृत्त झालो म्हणून डोळे थोडेच निवृत्त होतात!

दत्तू वीज खात्यातून सुटला आणि चामड्याच्या नादाला लागला. जेलरोडच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यानं त्यासाठी रिकामी केली. चांगली पेन्शन असताना हे काय मांडलंय, असं शेजारी कुजबुजायचे. तो हसायचा. "आजोबांनी पोटासाठी केलं, मी हौसेसाठी करतोय. ते असते तर मला वेड्यात काढलं असतं." कड तासायची रापी आणि भोक पाडायची आरी त्यानं देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणली. मी दर रविवारी जाऊन स्टुलावर बसायचो. माझ्यासारख्या संशयी माणसाला त्याचे धडे फार आवडायचे. दुकानदाराच्या शब्दावर जायचं नाही, चामडं उलटं करून पाठ बघायची. तंतू दिसले तर खरं, कापड दिसलं तर निघायचं. ओलवलेला तुकडा तो गालाला लावायचा. गार लागला पण ओल हाताला आली नाही, की नक्षीला तयार. शिवण दोन सुयांची, एकाच भोकातून समोरासमोर जाणारी. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. आणि टाके थोडे कलतात, ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे. दत्तूचे उजवीकडे कलायचे.

माझं काम चुका काढायचं. इथली कड नीट घोटली नाही, तिथला टाका लांब पडला. तो चिडायचा, "तुझे डोळे आहेत की भिंग रे?" म्हणायचा, आणि मुकाट्यानं उसवून परत शिवायचा. त्या रविवारांइतकी मजा मला नोकरीतसुद्धा कधी आली नाही.

मग दोनेक वर्षांपूर्वी खोलीचं दार बंद झालं. "आत पसारा आहे, बाहेरच बसू." एकदा ठीक आहे, पण दर रविवारी पसारा? बाहेर बसल्यावर तो माझ्याबरोबर चहासुद्धा घेईना. "आत्ताच झाला," म्हणायचा, नि हात मांडीखाली घालून बसायचा. पट्टे, पाकिटं मात्र पूर्वीसारखीच बाहेर पडत होती... पूर्वीपेक्षा जरा सुबकच. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात एकदा कॅम्पच्या बाजारात पट्ट्यांच्या दुकानातून पिशवी घेऊन निघताना मला दिसला. मला बघून पिशवी पाठीमागे. म्हटलं, हा तयार माल आणून आपला म्हणून खपवतोय.

मला त्याला खोटं पाडायचं नव्हतं. इतक्या वर्षांचा मित्र माझ्यापासून काहीतरी लपवतोय, हे मला सहन होत नव्हतं. मी सापळा लावला. चामड्याचा एक तुकडा विकत घेऊन पाठीवर कोपऱ्यात बारीक फुली मारली आणि त्याला म्हटलं, याचं पाकीट कर. पाकीट आलं. घरी नेऊन अस्तर उचकटलं, तर आत माझीच फुली! म्हणजे माल तयार नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण तेवढ्यात टाके दिसले. सगळे डावीकडे झुकलेले. पुढच्या रविवारी मी ते पाकीट त्याच्यासमोर धरलं. त्यानं ते हातात घेतलं नाही. "वळण बदललंय," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. या वयात हाताचं वळण बदलत नाही, हे मला कळत होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून पुढे विचारवेना. मग तो झोपेतच गेला, आणि विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला आणि समोर बसून उशीचा अभ्रा शिवायला घेतला. सुई डाव्या हातात. मी बघतच राहिलो. "वहिनी, तुम्ही डावखुऱ्या?"

"अहो, लहानपणी आईनं मारून मारून जेवणं, वाढणं, नैवेद्य सगळं उजव्या हातात आणलं. शिवण तेवढी राहिली. ती कोण बघायला येतंय?"

माझं तोंड बघून त्या थांबल्या. अभ्रा बाजूला ठेवला. "तुम्हाला कळलं ना, भाऊजी? त्यांचे हात थरथरायचे. कप धरवत नव्हता. चामडं तेच कापायचे, मी वर पट्टी दाबून धरायची. शिवण मात्र माझी. कॅम्पातनं पट्टे आणायचे, ते मला शिकवायला... हा उसव, हा तसा शीव."

म्हणजे संशय खरा निघाला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या संशयी स्वभावाचा मला राग आला, आणि दत्तूचा त्याहून जास्त. "मला का नाही सांगितलं? मी काय हसलो असतो?"

"हसायचं नव्हतं हो. मी कितीदा म्हटलं, सांगून टाका. तर म्हणायचे, त्याला कळलं की तो चुका काढायचा बंद होईल. सगळंच छान म्हणेल. मग रविवारी कशाला यायचा?"

राग तिथेच विरला. कारण मी अगदी तेच केलं असतं. थरथरणारे हात बघितल्यावर माझी जीभ रेटली नसती, आणि ते त्यानं माझ्याआधी ओळखलं होतं. तो मला फार आठवतोय, असं मी वहिनींना म्हणालो.

वहिनी उठल्या आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. मेणाचा आणि चामड्याचा वास तसाच होता. रापी दत्तूच्या जागेवर, स्टूल माझ्या. टेबलावर चष्म्याचं एक घर होतं. दत्तूनं कापून ठेवलेलं, वहिनींनी तो गेल्यावर एकटीनं शिवलेलं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "कसं झालंय?"

डोळे भरून आले होते. छान झालंय, असं अगदी ओठांवर आलं होतं... मी ते खिडकीपाशी उजेडात नेलं. उलटं केलं, सुलटं केलं, कडेवरून नख फिरवलं.

"कोपऱ्यावरचा टाका ढिला पडलाय," मी म्हणालो.

"कुठे?" वहिनी चष्मा शोधत म्हणाल्या. "थांबा, आरी घेते. दाखवा बघू."