जाळी सोडून बाकी सगळं

मार्गशीर्ष संपल्यानंतरचा पहिला रविवार, पालम. परसात हजर: मी, आमचे हे, सासूबाई आणि एस.टी. स्टँडजवळून बोलावलेला वेल्डिंगवाला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

संध्याकाळी माझा भाऊ नव्या नवरीला घेऊन कबाब खायला येणार होता. अर्ध्या पिपाच्या आमच्या कोळशाच्या शेगडीचे पाय गंजले होते आणि जाळीचे दोन तुकडे झाले होते. शिवाय राख ओढून काढायला मला खाली कप्पा हवा होता.

त्याने वाकून जाळीचा वास घेतला, तेव्हा गळ्यातली तुळशीची माळ शर्टाबाहेर आली. "ताई, काय भाजता ह्याच्यावर?"

माळ पाहून हे घाईने म्हणाले, "वांगी."

"वांग्याला चरबी कधीपासून सुटायली, भाऊसाब?"

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"काम तर मला लय पायजे," तो म्हणाला, "पण माळकरी हाय, मटणाच्या जाळीला हात लावणार न्हाई."

"आणि पायांना?" मी विचारलं.

"पाय थोडेच खातेत?"

दुपारपर्यंत त्याने पाय जोडले, राखेचा कप्पा बसवला, हवेसाठी झडपही केली. चहा मात्र पातेलं कोणतं ते विचारून घेतला.

वेल्डिंगच्या काड्या संपल्या म्हणाला असता, तरी मी मानलं असतं. त्याने खरं कारण सांगितलं आणि मला रागवायला जागाच ठेवली नाही.

कबाब तव्यावर झाले. जाळीचे तुकडे अजून जोडायचे आहेत.