घेणाऱ्याची सही

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये पाळी सोपवत होतो. फोन खिशात घातला आणि पुढच्या माणसाला उरलेलं सांगितलं... कुठला पंप आवाज करतो, कशावर लक्ष ठेवायचं. वहीत त्याची सही घेतली, मगच उठलो. जिवाभावाचा माणूस गेला आणि मी पंपाचं सांगत बसलो, याचा राग महिना झाला तरी जात नाही. प्रभाकरनंही तेच केलं असतं, हे माहीत असूनही.

वीस वर्षं आम्ही एकाच पाळीत इंजिनिअर होतो. सहा वर्षांपूर्वी कन्हानच्या एका शाळेनं नोकरीत मुरलेल्या माणसांना शिक्षक म्हणून बोलावलं. बी.एड. नंतर करा म्हणाले. प्रभाकर हरखला. "लय दिवस मशीनीचं आयकलं गा. आता पोरायचं आयकू." दोघांनी मुलाखतीला जायचं ठरलं. त्या सकाळी मी बूट घालून दाराशी बसलो होतो. मुलगा त्याच्या महागड्या कोचिंगला निघाला. बायको नुसती त्याच्या पाठीवरच्या बॅगेकडे बघत राहिली. मी बूट काढले आणि ताप आल्याचा निरोप धाडला.

संध्याकाळी प्रभाकर घरी आला. माझ्या कपाळावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला... "उतरला वाटते," म्हणाला. चहा घेऊन गेला. पुन्हा कधी विषय काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शाळेत त्याचा पगार अर्ध्यावर आला, पण लोकांनी त्याहून जास्त छळलं. लग्नाच्या पंगतीत त्याच्या बायकोला, रेखावहिनींना, बाया हळूच विचारायच्या, "काहून वं रेखा, भाऊजीले काढलं का नोकरीवरून?" चांगला इंजिनिअर आपणहून मास्तर होतो, हे आमच्या कॉलनीच्या गळी उतरेना. मला विचारलं की मी "नाही हो" एवढंच म्हणायचो. त्याच्या बाजूनं धड भांडलोसुद्धा नाही.

शाळेतही त्यानं पाळीची वही सुरू केली. तास संपला की पुढच्या शिक्षकासाठी नोंद लिहायची आणि त्याची सही घ्यायची. बाकीचे शिक्षक आधी हसले, मग वही शोधायला लागले. एकदा मला दाखवली होती. "सातवी. अपूर्णांक अर्धेच समजले. काजल उपाशी आली आहे, तिला आज उभं करू नये." पंपाबद्दल लिहायचा तसंच, एक शब्द जास्त नाही.

तेरवीनंतर वहिनींनी ती वही माझ्यापुढे ठेवली. शेवटची नोंद शनिवारच्या शेवटच्या तासाची. "आठवी. समीकरणं सुरू. मागचे तिघे विचारायला लाजतात, त्यांच्याजवळ जाऊन उभं राहावं." खाली त्याची सही. पुढे तास नव्हता, म्हणून घेणाऱ्याची जागा कोरी.

"आठवीले अजून गणिताचा मास्तर भेटला नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "शाळेवाले तुमचं विचारून राहिले. यायनं शाळेत तुमचं नाव सांगून ठेवलं होतं."

मी वही घरी आणली. मुलाचं इथलं शिक्षण संपलं, तर आता त्याला परदेशी जायचं आहे. माझी कारणं काही संपत नाहीत, आणि आता त्यांची मलाच चीड येते. ती वही रोज डब्याच्या पिशवीतून कोराडीला जाते आणि तशीच परत येते. पेन उघडतो, बंद करतो. नियम मला पाठ आहे... घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय सोपवणाऱ्यानं जागेवरून उठायचं नाही.

प्रभाकर अजून उठलेला नाही.