काठीचा मान: संदर्भ हवा

मी नाशिकच्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि माझा स्वभाव संशयी आहे. इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशातून उतरवलेला प्रकल्प मी दोन ओळींत ओळखते. "कोणीही उठावं आणि काहीही लिहावं, त्याला कसला ज्ञानकोश म्हणायचं?" हे माझं वर्गातलं ठरलेलं वाक्य. माझी पाठ वळली की मुलं ते माझ्याच आवाजात म्हणतात, हेही मला ठाऊक आहे.

पण त्याच ज्ञानकोशावर माझ्या माहेरचं पान आहे. नामपूरच्या अलीकडचं छोटंसं गाव. पानावर एक वाक्य होतं: यात्रेत खंडेरावाची काठी उचलण्याचा पहिला मान पूर्वापार आमच्या घराण्याकडे आहे. खाली वर्तमानपत्रातल्या बातमीचा संदर्भसुद्धा. ते वाक्य मी किती जणांना दाखवलं असेल! लिहिलं कोणी, हे मात्र कधी विचारलं नाही.

यंदा यात्रेच्या तोंडावर ते वाक्य गायब झालं. त्या जागी वेशीजवळच्या मेंढपाळांच्या घराचं नाव. माझं डोकंच फिरलं. मी जुनं वाक्य परत टाकलं. सकाळी पाहते तर पुन्हा मेंढपाळ. पानाच्या इतिहासात बदल करणाऱ्याचं नाव दिसतं, पण तिथे नुसतं 'गावकरी' असं होतं. त्या घरातला एकजण इथे नाशिकजवळ अंबडच्या कारखान्यात लागलाय. माझा संशय थेट त्याच्यावर.

"चार अक्षरं शिकला आणि पहिला डल्ला आमच्या मानावर मारला," मी नवऱ्याला म्हटलं.

"तुझं आडनाव तरी उरलंय का त्या मानात?" तो हसला.

यात्रेच्या आदल्या दिवशी माहेरी गेले. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ओट्यावर फोन नाकाशी धरून बसले होते. अक्षरं इतकी मोठी केलेली की मला पायरीवरूनच वाचता आली. आमच्या गावाचं पान.

"आबा, तुम्ही?"

"मीच. तू लिखस, मी खोडस," ते शांतपणे म्हणाले. "तो मान आपला नही शे."

मग त्यांनी सांगितलं. दुष्काळात मेंढपाळ मेंढ्या घेऊन गुजरातकडे गेले आणि यात्रेला पोचले नाहीत. आजोबांनी काठी उचलली, त्या वर्षापुरती. पुढच्या वर्षी ते लोक परतले, तर आजोबा म्हणाले, काठीला नवं कापड आम्ही चढवलंय, आता राहू द्या. आबांनी हे स्वतः ऐकलं होतं.

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?" मी चिडून विचारलं.

"तोंडनी गोष्ट व्हती, तवय चालनं. आते लिखेल शे. लोके खरं मानतीन."

मी हट्टाने ती बातमी उघडली. बातमी नंतरची, पानावरचं वाक्य आधीचं. वार्ताहराने पानावरून शब्दन् शब्द उचलला होता आणि पानाने त्याच बातमीचा आधार घेतला होता. मुलांचा प्रकल्प असता तर मी तिथल्या तिथे परत केला असता. मला लाज वाटली, आणि आबांचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी आबांनी सगळ्यांदेखत काठी मेंढपाळांच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या हातात दिली. माझा भाऊ उठून निघून गेला. म्हाताऱ्याने काठी घट्ट धरली, पण नजर आबांवर रोखलेली. यात काहीतरी डाव असणार, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"यंदापुरताच ना?" त्याने विचारलं.

आबांनी मान हलवली, नाही म्हणून. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

नाशिकला आल्यावर मी पान उघडलं. आबांचं वाक्य तसंच होतं. त्यापुढे कोणीतरी बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: संदर्भ हवा. खोट्या वाक्याला संदर्भ होता. खऱ्याचा संदर्भ ऐंशी ओलांडून ओट्यावर बसलाय, आणि हल्ली त्याला फार खोकला येतो.