नाकातला बर्फ

चारुलता भिला पाटील मूळची धानोऱ्याची. बारावीनंतर पुण्याला शिकायला गेली, तेव्हा फ्रेंच हा विषय तिने आवडीने घेतलेला नव्हता. हव्या त्या वर्गात जागा उरली नव्हती आणि फ्रेंचच्या वर्गात निम्मे बाक रिकामे होते, एवढंच कारण. पण भाषा तिला जमली. शिक्षण संपल्यावर ती पुण्यातल्याच एका कार्यालयात लागली. फ्रान्समधले लोक विमा कंपनीला जे अर्ज पाठवत, ते वाचून त्यांचा सारांश लिहायचा, असं ते काम होतं. कुणाचं छप्पर गळतंय, कुणाच्या गाडीला गायीने धडक दिलीय, कुणाच्या तळघरात पाणी शिरलंय. त्या देशातल्या लोकांच्या घरांविषयी तिला पुष्कळ माहिती झाली. देश मात्र तिने कधी पाहिला नाही.

पुढे हे काम संगणक आपला आपणच करू लागला. फ्रेंच विभाग बंद झाला आणि चारुलता गावी परत आली. त्याच सुमारास नंदुरबारच्या बाहेरच्या रस्त्यावर एका इंग्रजी शाळेचे संचालक गोपाळसर फ्रेंच शिकवणारी बाई शोधत होते. सुरतेच्या एका शाळेत त्यांनी लहान मुलांचा फ्रेंच वर्ग पाहिला होता. दुपारच्या सुट्टीपर्यंत वर्गात फक्त फ्रेंच. बाईंनी दुसरी भाषा तोंडातून काढायचीच नाही. मुलं खुणांवरून, चित्रांवरून, सवयीने शिकतात. तसाच वर्ग त्यांनी जूनमध्ये सुरू केला.

"एक लक्षात ठेवा," ते चारुलताला म्हणाले, "तुम्हाला मराठी येतं हे मुलांना कळता कामा नये. कळलं की ती फ्रेंचच्या वाटेला जाणार नाहीत."

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. चारुलताने ते पाळलं. गाडीतून उतरून फाटकाच्या आत पाऊल टाकलं की ती फक्त फ्रेंच बोलायची. मुलांना काही सांगायचं असलं की ती मदतनीस छबूबाईंना सांगत, आणि छबूबाई हातवारे करून ते बाईंना "समजावत". छबूबाईंना यात मोठी मजा वाटे. त्यांचे हातवारे दिवसेंदिवस वाढतच गेले.

पहिलीतल्या धीरजने सगळ्यांना घरच्या बोलीत ठामपणे सांगून टाकलं होतं, "मॅडमनं घर फ्रान्समा शे. रोज इमानमा बशीसन येस."

मुलांना वाटायचं, विमानाने येणाऱ्या या बाईंना आपलं काही कळत नाही. त्यामुळे ती तिच्यासमोर वाटेल ते बोलत. कुणाच्या घरी रात्री भांडण झालं, कुणाच्या गोठ्यात कुत्री व्यायली, कुणी कुणाच्या डब्यातला लाडू खाल्ला. चारुलता चेहरा कोरा ठेवून सगळं ऐकत असे. हसू आलं तर फळ्याकडे वळे. घरी आल्यावर मात्र तिची बडबड थांबत नसे. आई दगूबाई भाकरी थापता थापता विचारायची, "दिनभर पोरेसपुढे मुकी ऱ्हास का तू?"

"मुकी नही माय, फ्रेंच बोलस."

"एकच शे ते," दगूबाई म्हणे.

जानेवारीत हिवाळ्याचा आठवडा आला. अभ्यासक्रमाची पुस्तकं पुरवणाऱ्या कंपनीने त्याचा आराखडा आधीच धाडला होता. सोमवारी गरम कपडे, मंगळवारी बर्फ, बुधवारी बर्फाचा माणूस, गुरुवारी हिवाळ्यातला फेरफटका, शुक्रवारी पालकांसमोर गाणी. नंदुरबारला सकाळी स्वेटर लागतो आणि शाळा सुटेपर्यंत तो कमरेला बांधलेला असतो. बर्फ म्हणजे मुलांना लग्नातल्या पाण्याच्या टाकीतली लादी माहीत.

सोमवार चांगला गेला. चारुलताने एका बाहुलीला टोपी घातली, मफलर गुंडाळला, तिच्या नाकाला लाल रंग लावला आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवून म्हणाली, "ले ने." नाक. मुलं आपापल्या नाकांवर बोटं ठेवून "ने, ने" ओरडली.

मंगळवारी तिने घरून पिशवीभर कापूस आणला. वेचणीचा, सरकीसकट. बर्फाला फ्रेंचमध्ये "नेज" म्हणतात. तिने कापसाचे पुंजके वर उडवले, "ला नेज! ला नेज!" मुलंही उडवू लागली. मग गंमत म्हणून तिने एक पुंजका आपल्या नाकाच्या शेंड्यावर टेकवला आणि म्हणाली, "ला नेज सुर ले ने." नाकावर बर्फ. वर्ग खदखदून हसला. छबूबाई पाण्याची कळशी भरायला मागे गेल्या होत्या.

थोड्या वेळाने खिडकीजवळच्या बाकावरची कुजबुज तिच्या कानी आली. रोशनी ही वर्गातली सगळ्यांत शांत मुलगी. ती शेजारच्या धीरजला सांगत होती, "मी सरकी नाकमा घाली दिधी. आते निंघत नही."

"कसाले घाली?"

"मॅडमनीच सांगं ना. नेज नाकमा."

आणि ती करंगळी नाकात घालून सरकी आणखी आत ढकलू लागली.

चारुलताने दाराकडे पाहिलं. छबूबाई दिसत नव्हत्या. फ्रेंचमधून ओरडण्यात अर्थ नव्हता. आधीच्या ओरडण्याचा काय अर्थ लागला होता ते समोरच दिसत होतं. ती बाकाशी गेली, तिने रोशनीचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "बोट घालू नको, बेटा. तोंड उघडं ठेव. तोंडमाईन श्वास ले."

रोशनीने तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. कापूस उडवणारे हात हवेतच थांबले. मग धीरज बाकावर उभा राहून ओरडला, "मॅडमले आपली भाषा येस!"

दुसरी नाकपुडी दाबून शिंकरून पाहिलं, पण सरकी बाहेर येईना. छबूबाई आल्या तसा वर्ग त्यांच्यावर सोपवून चारुलता रोशनीला घेऊन रिक्षाने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे निघाली. रिक्षात रोशनी तोंड उघडं ठेवून तिच्याकडे टक लावून बघत होती.

"तू कोन गावनी?" शेवटी तिने विचारलं.

"धानोरानी."

"मंग इमान?"

"इमानमा मी अजून बशेल नही."

रोशनीने यावर बराच विचार केला. "मंग इतला दिन तू आमनं समदं ऐकी ऱ्हायंती?"

"हा."

"मी तुले जाडी म्हनेल, ते बी?"

"ते बी."

रोशनीने तोंड फिरवलं आणि रिक्षाबाहेर पाहू लागली.

डॉक्टरांनी बारीक चिमट्याने सरकी काढली. नाकातून थेंबभर रक्त आलं, रोशनी रडली आणि थांबली. तोवर तिची आई ममता दवाखान्यात पोचली होती. आधी तिने मुलीला जवळ घेतलं, मग चारुलताकडे नीट पाहिलं.

"तुम्ही धानोऱ्याच्या भिलाआप्पांची चारू ना? माझी मावशी तुमच्या गल्लीत दिलेली आहे." तिचा चेहरा आधी खुलला आणि मग जरा उतरला. "आम्हाला वाटलं, तुम्ही बाहेरच्या."

त्या संध्याकाळी गोपाळसर रागावले नाहीत. खुर्चीत मागे रेलून ते एवढंच म्हणाले, "मुलीचं नाक महत्त्वाचं, ते ठीक. पण उद्यापासून काय करणार आहात?" चारुलताला फार वाईट वाटत होतं असं नाही. वाटत होतं ते ओझं उतरल्यासारखं, आणि त्याचीच तिला थोडी लाज वाटली.

बुधवारी फ्रेंचचा एकही शब्द झाला नाही. कापसाचा माणूस करायला मुलं गोल बसली आणि सगळी एकदम बोलू लागली. आपली गाय, आपला मामा, आपली पडलेली दाढ. जे बाईंच्या समोर पूर्वीच बोलून झालं होतं ते आता बाईंना सांगायचं होतं, आणि ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं तिने ऐकलं. एकाने तिला सांगितलं की तोरणमाळला थंडीत दव गोठतं, त्याच्या काकाने ते हाताने खरवडलं होतं. कापसाच्या माणसाला कुणीतरी गांधी टोपी घातली. रोशनी मात्र कोपऱ्यात पाठ करून बसली होती. चारुलता तिच्याजवळ जाऊन बसली तेव्हा ती पुटपुटली, "तू खोटं बोलनी."

"हा, बोलनू," चारुलता म्हणाली. ती तिथेच बसून कापूस पिंजू लागली. मग रोशनीने आपल्या हातातला कापूसही तिला पिंजायला दिला.

गुरुवारच्या फेरफटक्यासाठी आराखड्यात पानगळीचं जंगल होतं. चारुलता मुलांना शाळेमागच्या मिरचीच्या पथारीवर घेऊन गेली. उघड्या माळावर लांबच लांब लाल मिरची वाळत पडली होती आणि तोंडाला फडकी बांधलेल्या बायका ती पायाने उलटवत होत्या. मुलं शिंकत होती, डोळे चोळत होती. कडेला उभं राहून धीरजने विचारलं, "मॅडम, मिरचीले तिकडे काय म्हनतस?"

"पिमां."

"आनि लाल?"

"रूज."

"शिंकले?"

चारुलता थबकली. जूनपासून ती मुलांना शब्द देत आली होती. मुलांनी एकही मागितला नव्हता. मागणार कशी? मागायला भाषाच नव्हती. आता प्रश्न थांबेनात. फडकं, टोपली, ऊन, नाक वाहणं. काही शब्द तिलाच येत नव्हते. "माले नही येस, उद्या पाहीसन सांगस," असं ती म्हणाली तेव्हा मुलांना ते फारच आवडलं. परतताना ती एकमेकांना शब्द विचारून हरवत होती. रोशनी शेवटून दुसरी चालत होती. तिने चारुलताचा पदर ओढून विचारलं, "सरकीले?" चारुलताने सांगितलं, पण दोघींनाही त्यावर हसू आलं नाही.

शुक्रवारी पालक आले. बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. गाणी झाल्यावर एक वडील उठले आणि गोपाळसरांना म्हणाले, "सर, बाई तर इथल्याच आहेत म्हणे."

गोपाळसर घसा खाकरू लागले, तेवढ्यात चारुलताच पुढे आली. "हा भाऊ. धानोरानी शे मी. फ्रेंच पुण्याले शिकनू. कालदिन पोरेसनी इचारात तितला शब्द पूर्ण वरीसमा मी शिकाडात नहीत."

ते गृहस्थ समाधानी झाले असं दिसलं नाही. ममताने मात्र जाताना टोमॅटोची पिशवी छबूबाईंच्या हाती बाईंसाठी म्हणून दिली. वर्ग मार्चपर्यंत चालला. मुलांनीच एक पद्धत पाडली होती: सकाळी बाईंना "काहीच येत नाही" असं सगळ्यांनी धरून चालायचं, आणि अगदीच अडलं तर हात वर करून आपल्या भाषेत विचारायचं. त्या तीन महिन्यांत मुलं बरीच फ्रेंच शिकली. तरी पुढच्या वर्षी प्रवेश कमी आले आणि गोपाळसरांनी त्या खोलीत संगणक बसवले. त्यांनी चारुलताला इंग्रजी शिकवायला थांबा म्हटलं. ती नाही म्हणाली.

सध्या ती धडगावला असते. डोंगरातल्या पाड्यांवरची मुलं घरी पावरी बोलतात आणि पहिलीत आल्यावर एकदम मराठीत पडतात. त्यांच्यासाठी एका संस्थेने काम सुरू केलं आहे, त्यात ती लागली. शनिवारी घाट उतरून घरी येते. दगूबाईंना तिने पहिल्या दिवसाची हकिकत सांगितली. वर्गात एक मुलगी तिला तळमळून काहीतरी सांगत होती आणि तिला खरोखरच एक अक्षर कळत नव्हतं.

"मंग तू काय करं?" दगूबाईंनी विचारलं.

"तिले म्हनं, चाल, दखाड."

मुलीने तिचा पुढे केलेला हात धरून तिला शाळेमागे नेलं. तिथे एक बकरी कुंपणात अडकली होती. दोघींनी मिळून ती सोडवली.