पेपरात न छापलेले भाव

घर शोधणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. टाकीच्या तळाशी गाळ साठतो तसे ते आपोआप साठत जातात, आणि एखाद्या दिवशी नळातून चहाच्या रंगाचं पाणी यायला लागलं की मग कळतं, किती साठलंय ते.

आमच्या वर्ध्यातल्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूमची ही अवस्था आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो. मागणी वाढली की भाव वाढतो, पुरवठा वाढला की उतरतो, हे फळ्यावर दोन रेघा काढून मी पोरांना सांगत आलोय. मधल्या सुट्टीत पेपर उघडला की मथळा असतो, ‘जिल्ह्यात घरांना सुगीचे दिवस’. आणि समोर डबा खात बसलेल्या एकाही माणसाचा अनुभव त्या मथळ्यात बसत नाही.

*

राऊत सर आमचे इतिहासवाले. गाव तळेगाव, श्यामजी पंतांचं म्हणतात ते. तिथं हायवेच्या कडेला त्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. घेताना दलालानं सांगितलं होतं की सर, हा प्लॉट नाही, पोरीच्या शिक्षणाचं झाड आहे, वेळ आली की हलवा.

पोरगी फार्मसीला लागली. सर झाड हलवायला गेले. नेमकी त्याच आठवड्यात बातमी आली, हायवेलगतच्या जमिनींना सोन्याचा भाव. टपरीवर जो भेटेल तो सरांना भाव सांगू लागला, आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा चढवूनच सांगे. सर खूश. अडचण एवढीच होती, की भाव सांगणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचाही तिथं एक प्लॉट होता आणि त्यालाही तो विकायचाच होता.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. सर पुन्हा त्याच दलालाकडे जाऊन बसले. त्यानं पेपरचं कात्रण काचेखाली लावून ठेवलं होतं. सरांनी विचारलं, काय झालं आमच्या प्लॉटचं? तो अगदी मनापासून म्हणाला, “सर, भाव तर जबरदस्त आहे. गिऱ्हाईक तेवढं नाई.”

*

भोयर आमचे हेडक्लार्क. पुलगावला लागून नाचणगाव, तिकडचे राहणारे. गावाबाहेर शेताचे प्लॉट पाडून नवा लेआउट पडला, तेव्हा त्यांनी एक प्लॉट घेतला तो केवळ समोरच्या बगीच्यासाठी. बोर्डावरच्या चित्रात बगीचा होता, झोके होते, बाकावर बसलेलं म्हातारं जोडपंही होतं. भोयर म्हणाले, रिटायर झालो की आम्ही दोघं तिथं बसू.

दोनेक वर्षांनी घर बांधायला काढलं, तर बगीच्याच्या जागेवर चुन्याच्या रेघा मारलेल्या. बगीचाच तुकडे पाडून विकला होता! भोयर तसेच लेआउटवाल्याच्या ऑफिसात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी टेबलावर हात आपटला. तो शांतपणे म्हणाला, की बगीच्याला काय करता, हवा तर येतेच आहे.

खरा घाव पुढे होता. बगीच्यातला एक तुकडा भोयरांच्या साळ्यानंच घेतला होता. दलालानं त्याला सांगितलं होतं, तुमचे भाऊजी इथंच घर बांधून राह्यले, ते काय येडे आहेत? साळा बांधकामाची परवानगी काढायला गेला तेव्हा त्याला कळलं, की ही तर मोकळी ठेवायची जागा, इथं वीटही रचता येत नाही. तो तडक बहिणीच्या दारात आला आणि भोयरांना म्हणाला, “भाऊजी, बगीचा आहे हे तुम्हाले मालूम होतं, तं मले सांगतलं काऊन नाई?”

साळा विकत घेतोय हेच भोयरांना माहीत नव्हतं. पण हे तो आजतागायत मानत नाही. राखीला येत नाही. लेआउटवाल्यानं मात्र पलीकडे दुसरा लेआउट टाकलाय. बोर्डावर तेच म्हातारं जोडपं आहे.

*

देशकर सर रिटायर झाले आणि मुलाकडे पुण्याला गेले. इथलं घर कुलपात. आमच्याकडे बदलून आलेल्या एका सरांना घर हवं होतं, म्हणून मी फोन केला. देशकर सर तयार होते, मुलानं नाही म्हटलं. भाडेकरू घर खराब करतात. विकणार का, तर तेही नाही, भाव वाढणार आहे. त्या गल्लीत अशीच अर्धी घरं कुलपात आहेत, आणि वर पेपरात बातमी, शहरात घरांची टंचाई!

मागच्या दिवाळीत देशकर सर आले आणि कुलूप उघडलं. वाळवीनं चौकटी खाल्ल्या होत्या, कपाटं खाल्ली होती, देव्हारासुद्धा सोडला नव्हता. सर पायरीवर बसून राहिले. मी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, “भाडेकरू बरा होता रे. त्यानं दरवाजे तरी ठेवले असते.”

*

मेश्राम मॅडम रसायनशास्त्र शिकवतात. त्या भाड्यानं घर बघत होत्या तेव्हा मी सोबत गेलो होतो. पहिल्या घरी मालकानं चहा मागवला, पाण्याची वेळ सांगितली, गॅलरी दाखवली. मग विचारलं, पूर्ण नाव काय मॅडम? मॅडमनी सांगितलं. चहा यायच्या आत त्याला आठवलं, की या घरात पुतण्या राहायला येणार आहे.

दुसऱ्या घरी पुतण्या. तिसऱ्या घरीही पुतण्याच. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, “सर, सारे पुतणे एकाच वक्ती येऊन राह्यले. स्टेशनवर काय गर्दी असन!”

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. घरी येऊन मी पहिल्या मालकाला फोन लावला, नाव सांगितलं, देशमुख. तो म्हणाला, या ना साहेब, घर रिकामंच आहे. मी विचारलं, पुतण्या कधी मेला? त्यानं फोन ठेवला. मला अजून दोन-चार शब्द बोलायचे होते, ते तसेच माझ्याकडे राहिले. अजून आहेत.

*

शेवटी मॅडमनी भाड्याचा नाद सोडला आणि देवळी रोडला स्वतःचं घर बांधलं. दारावर नावाची पाटी, फाटकाशी छोटी बुद्धमूर्ती, कंपाउंडला लागून जास्वंदी. एका रविवारी मी त्यांच्या व्हरांड्यात बसलो होतो. मॅडम झाडांना पाणी घालत होत्या. बाजूचा प्लॉट रिकामा होता. तिथं एक दलाल गिऱ्हाईक घेऊन आला, तरुण नवराबायको.

दलालानं आधी रस्ता दाखवला, मग विजेचा खांब. मग त्याची नजर मॅडमच्या पाटीवर गेली, मूर्तीवर गेली. आवाज उतरवून, पण आम्हाला ऐकू येईल एवढाच उतरवून, तो म्हणाला, “या लाइनीत भाव जरासा कमी करून देतो तुम्हाले. शेजार पाहून समजलंच असन.”

माझं डोकं सणकलं. मी खुर्चीतून उठलो. मॅडमनी माझ्याकडे न बघताच हातानं बसा म्हटलं. नळ बंद केला, पाइप गुंडाळून ठेवला आणि कंपाउंडपाशी गेल्या.

“किती कमी होते, भाऊ?”

दलाल गडबडला. तसं नाही मॅडम, मी आपलं मार्केटचं सांगत होतो, असं काहीतरी बोलायला लागला. ते नवराबायको जमिनीकडे बघत उभे.

“नाई, नाई, बराबर सांगून राह्यले तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. “आणखी चार जणांले इथं आणजा आन् हेच सांगजा. हा प्लॉट माह्या भावाले घ्याचा आहे. भाव अजून थोडा पडू द्या.”